शेजाऱ्यांच्या मोटारी आणि आपली मजुरी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत धागा, कापड, धान्य, औषधे, रसायने अशा मातब्बर व्यापारांविषयी अधिकारी मंडळी लिहीत असतात. तशा भारदस्त लेखांच्या पंक्तीस मोटारी धुण्या-पुसण्याचा विषय आणून बसविणे काहींना विचित्र वाटेल. परंतु आमच्या घरातील एका तरुणाने गेल्या काही वर्षांत हाच धंदा ओळखीच्या लोकांपासून आरंभिला, त्यात हात पोळून घेतला आणि पुन्हा उभा राहिला. त्याचा जमाखर्च मी जवळून पाहिला आहे. गावात आणखी दोघाचौघा मुलांच्या मनात हा विचार घोळत असल्याचे कानी येते, म्हणून जे पाहिले व जे चौकशीअंती समजले ते क्रमाने मांडीत आहे.

प्रथम आपल्या गावाची परिस्थिती ध्यानात घेऊ. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाले, तेव्हा ते दमणगंगेच्या काठचे एक लहानसे खेडे होते. पुढे करसवलतींमुळे कारखाने आले, मसाट, रखोली, सामरवरणी, पिपरिया या बाजूंना वसाहती उठल्या, आणि २०११ च्या शिरगणतीत केवळ सिल्वासा शहराची लोकसंख्या ९८ हजारांवर गेली. गावास रेल्वे नाही. वापी स्टेशन सुमारे १५ ते १८ किलोमीटर दूर, मुंबई-अहमदाबाद महामार्गही त्याच बाजूस. त्यामुळे कारखानदार, दलाल, व्यवस्थापक, डॉक्टर आणि आपल्यासारखा पेढीवाला, प्रत्येकाला मोटार ही चैन न राहता गरज होऊन बसली आहे. या मोटारींवर आठ महिने अवजड मालमोटारींनी उडविलेली धूळ बसते आणि चार महिने पाऊस कोसळतो. येथे वर्षाकाठी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो हे बाहेरगावच्या वाचकांच्या माहितीसाठी नमूद करतो. धूळ व ओल या दोन शत्रूंच्या मध्ये सापडलेली मोटार घासून-पुसून देणाऱ्याला येथे काम कमी पडावयाचे नाही. प्रश्न कामाचा नसून ते काम कसे करावे आणि त्याचे दाम ओळखीच्या माणसाकडून कसे मागावे, हा आहे.

माझा पुतण्या एका कारखान्यात हिशेबनिसाच्या हाताखाली होता. तो विभाग दुसरीकडे हलला आणि त्याची नोकरी गेली. मोटारींचे वेड लहानपणापासूनचे. घरची गाडी तो अशी राखी की पाहुणे नवी घेतली काय म्हणून विचारीत. एके दिवशी समोरच्या बिऱ्हाडातील गृहस्थ म्हणाले, ‘‘अरे, आमची पण जरा करून दे ना.’’ त्याने अर्धा दिवस घालवून करून दिली आणि त्यांनी त्याच्या हातावर चहाचे म्हणून शंभर रुपये ठेविले. त्या शंभर रुपयांनी त्याला आनंद झाला आणि मला काळजी वाटली. कारण शेजाऱ्याने प्रथम जो आकडा दिला तोच त्या इमारतीत दर म्हणून रूढ होतो, असा माझा दुकानदारीतील अनुभव आहे.

आता या कामास इंग्रजीवरून जे डिटेलिंग असे नाव पडले आहे, त्याचा अर्थ काय ते पाहू. मोटार धुणे म्हणजे वरची धूळ काढणे. डिटेलिंग म्हणजे रंग, काच, रबर, प्लॅस्टिक, कापड, चामडे, चाके या प्रत्येक पदार्थाची प्रकृती ओळखून त्यास साजेल अशा रीतीने तो स्वच्छ करणे, शक्य तितका पूर्ववत आणणे आणि पुढे काही महिने टिकेल असे संरक्षण देणे. वैद्य आणि न्हावी यांत जो भेद, तसा काहीसा हा भेद समजावा. दोघांचीही समाजाला गरज आहे, पण एकाने दुसऱ्याचे काम अर्धवट ज्ञानावर करू नये.

हे ज्ञान रंगापासून सुरू होते. आजच्या मोटारीच्या पत्र्यावर प्रथम अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर एक पारदर्शक लेप असे थर असतात. कारखान्यातून आलेल्या गाडीवर या सर्वांची मिळून जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन भरते आणि त्यांतील वरचा पारदर्शक लेप अवघा ४० ते ५० मायक्रॉनांचा, म्हणजे माणसाच्या एका बारीक केसाएवढा असतो. चकाकी जी दिसते ती या लेपाची. उन्हात काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे वर्तुळाकार ओरखडे दिसतात तेही याच लेपावरचे असतात. पॉलिश करणे म्हणजे नवे काही चढविणे अशी सर्वसाधारण समजूत आहे, ती चुकीची होय. पॉलिश म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत सभोवारचा लेप काही मायक्रॉनांनी घासून खाली आणणे. ती भांडवलातून केलेली उचल आहे आणि ते भांडवल पुन्हा जमा होत नाही. जुन्या ॲम्बॅसडर वा फियाट गाड्यांवर वेगळा पारदर्शक लेपच नसे. त्या पॉलिश करताना फडक्यास गाडीचा रंग लागे आणि आमच्या पिढीतील लोकांना तेच काम चालू असल्याचे लक्षण वाटे. आजच्या गाडीवर फडक्यास रंग लागला तर काम तत्काळ थांबवावयाचे असते.

माझ्या पुतण्याला हे पुस्तकी रीतीने ठाऊक होते, तरी ठेच लागावयाची ती लागलीच. धंदा सुरू करून चार-पाच महिने झाले असतील. आमच्याच इमारतीतील, माझ्या नित्याच्या उठण्या-बसण्यातील एका शेठजींची काळी गाडी त्याच्याकडे आली. दिवाळी आठ दिवसांवर होती. गाडी चमकवून दे, मुलीच्या सासरची मंडळी येणार आहेत, असा आग्रह होता. याने कोणाकडून तरी वापरावयास आणलेले एकाच अक्षावर गरगर फिरणारे पॉलिशचे यंत्र बॉनेटवर चालविले. त्या बॉनेटचा पूर्वी अपघातात चेपा निघून पुन्हा रंग झाला होता. शेठजींनी ते सांगितले नाही आणि याने विचारले नाही. तशा यंत्राने एका जागी उष्णता फार साठते, आणि पत्र्याच्या कडेवर लेप मुळातच पातळ असतो. क्षणात कडेवरचा रंग उडून खालचे करडे अस्तर वीतभर उघडे पडले.

शेठजी काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. ‘‘असू दे, घरचाच मुलगा आहे,’’ इतकेच म्हणून ते आत गेले आणि नंतर पंधरा दिवस जिन्यात भेटले तरी माझ्याशी केवळ मान हलवीत राहिले. परक्या गिऱ्हाइकाने नुकसानभरपाई मागितली असती, भांडण होऊन विषय संपला असता. ओळखीत पैसा मागता येत नाही आणि नुकसान विसरताही येत नाही. पुतण्या मला म्हणाला, ‘‘काका, ते पैसे घ्यायला नाही म्हणतात, मग मी काय करू?’’ मी त्याला सांगितले की, पैसे देऊ नकोस, काम करून दे. त्याने डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे स्वतः गाडी नेऊन बॉनेट रंगवून आणले आणि त्या बिलात त्याची सुमारे दोन महिन्यांची कमाई गेली. बिलाची प्रत त्याने शेठजींना दाखविली नाही, हे त्याने योग्य केले असे मला वाटते.

त्या दिवसापासून त्याने एक नियम पाळला आहे. गाडी हाती घेताच मालकासमक्ष चहूबाजूंनी फिरून प्रत्येक चेपा, ओरखडा, तडा वहीत टिपावयाचा, मोबाइलवर छायाचित्रे घ्यावयाची आणि ‘‘पूर्वी कोठे रंगकाम झाले आहे काय?’’ हा प्रश्न तोंडाने विचारावयाचा. रंगाची जाडी मोजणारे लहानसे उपकरण मिळते. २०० मायक्रॉनांच्या वर आकडा गेला तर तेथे पुन्हा रंग झाला असण्याचा संभव धरावा, आणि कित्येक शेकडे दाखविले तर खाली पुट्टी आहे असे समजावे. ओळखीच्या माणसाची गाडी अशी तपासताना संकोच वाटतो खरा. परंतु पेढीवर सख्ख्या भावाकडून आलेल्या नोटाही आपण मोजूनच घेतो ना?

यंत्राविषयी एवढेच सांगतो की नवशिक्याने एकाच अक्षावर फिरणाऱ्या यंत्राच्या वाटेस जाऊ नये. फिरता फिरता डोलणारे, ज्यास ड्युअल ॲक्शन म्हणतात ते यंत्र घ्यावे. त्याने काम सावकाश होते, पण लेप जळण्याचा धोका पुष्कळच कमी असतो. आणि पहिले सहा महिने यंत्राला हातच लावू नये, असे माझे मत आहे. पुतण्याला ते पटत नाही. त्याचे म्हणणे, भंगारवाल्याकडून एक जुने बॉनेट आणून त्यावर हात बसविला म्हणजे पुरे. तेही खोटे नाही.

धुण्याची रीत मात्र पहिल्या दिवसापासून बिनचूक हवी, कारण बहुतेक ओरखडे धुताना व पुसतानाच पडतात. गाडी सावलीत आणि पत्रा थंड असताना घ्यावी. प्रथम चाके, कारण तेथे ब्रेकची लोखंडी भुकटी व डांबर असते. चाकांचे ब्रश व फडकी रंगाला कधीही लावू नयेत. मग वरून खाली पाण्याने सुटी धूळ पूर्ण वाहवून द्यावी. त्यानंतर दोन बादल्या घ्याव्या, एकीत मोटारीसाठीचा सौम्य शाम्पू, दुसरीत नुसते पाणी. हातमोज्याने एक भाग धुतला की तो मोजा साध्या पाण्याच्या बादलीत खळबळावा, पिळावा आणि मगच पुन्हा शाम्पूत बुडवावा. या साध्या शिस्तीने पहिली बादली शेवटपर्यंत स्वच्छ राहते आणि दुसरीच्या तळाशी जी रेती साचते ती पाहून मालकास काही सांगावे लागत नाही. भांड्यांची वा कपड्यांची पावडर वापरू नये. तिने रंगावरचे मेण धुऊन निघते व रबर कोरडे पडते. बोअरच्या पाण्यात क्षार असतील तर थेंब उन्हात वाळू देऊ नयेत. त्यांचे पांढरे डाग प्रथम नुसते वर बसलेले असतात, पण तसेच ठेविल्यास लेपात खोल जातात. पाखरांची विष्ठा आम्लधर्मी असते. ती ओल्या फडक्याने भिजवून ठेवून उचलावी, चोळू नये. महामार्गावरून रात्री आलेल्या गाडीच्या तोंडावर जे किडे चिकटतात त्यांच्याबाबतही तोच उपाय.

पुसण्याच्या फडक्याविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण तो आपल्या गावच्या धंद्याशी निगडित विषय आहे. आजकाल ज्याला मायक्रोफायबर म्हणतात ते पॉलिएस्टर व पॉलिअमाइड यांच्या मिश्रणाचे, बहुधा ८० व २० या प्रमाणातले कापड असते. आपल्यापैकी जे धाग्याच्या व्यापारात आहेत त्यांना डेनियरचे माप समजावून सांगावयास नको. ९,००० मीटर तंतूचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. या कापडातील तंतू एका डेनियरहूनही बारीक असतो आणि तो उभा चिरलेला असल्यामुळे धूळ त्याच्या फटींत अडकते, रंगावर घासली जात नाही. अशा अतिसूक्ष्म तंतूंचे कापड जपानमध्ये १९७० च्या सुमारास बाजारात आले. जुन्या धोतराचे फडके सर्वांत मऊ, असे आमच्या घरातील वडीलधाऱ्यांचे मत. परंतु त्यात धूळ लपावयास जागा नसते, ती रंग व कापड यांच्यामध्ये फरफटत जाते. मायक्रोफायबरची फडकी सुती कपड्यांबरोबर धुऊ नयेत, कापड मऊ करणारे द्रव त्यांना लावू नये, कडक उष्णतेवर वाळवू नयेत आणि एकदा जमिनीवर पडलेले फडके त्या दिवशी रंगास लावू नये. हा शेवटचा नियम मोडण्याचा मोह सर्वांत अधिक होतो.

आपल्या समाजातील मुलांनी आणखी एक गोष्ट माहीत करून घेतली पाहिजे. गाडी पुसण्यासाठी शॅमॉय या नावाने जे पिवळसर, मऊ कातडे मिळते ते मूळचे आल्प्सच्या डोंगरातील रानबकऱ्याचे होते आणि आज बहुधा मेंढीच्या कातड्याचे असते. त्याच नावाने कृत्रिम कापडही विकले जाते, तेव्हा वेष्टन वाचूनच घ्यावे. मेणाच्या डब्यांतही काहींमध्ये मधमाश्यांचे मेण असते. ज्यांना ते नको असेल त्यांच्यासाठी कार्नौबा हे ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून निघणारे मेण आहे, आणि चकाकीस ते कोणापेक्षा कमी नाही. मात्र कार्नौबाच्या डब्यातही कधी कधी दुसरी मेणे मिसळलेली असतात. ज्यात निव्वळ संश्लेषित पदार्थ असतात असे सीलंटही मिळतात आणि ते मेणापेक्षा अधिक महिने टिकतात. आमच्या मुलाने कातडे कधी वापरले नाही, आणि त्यामुळे त्याच्या कामात उणेपणा आल्याचे दिसले नाही.

गाडीच्या आतील काम हे सिल्वासात अधिक मोलाचे ठरते, आणि त्यास यंत्राची जोखीम नाही. म्हणून नवशिक्याने आरंभ आतूनच करावा असे मी आग्रहाने सांगेन. पावसाळ्यात ओल्या छत्र्या, ओले बूट, चिंब झालेली मॅट यांमुळे आसनांवर व पट्ट्यांवर बुरशी धरते. गाडी बंद करून गावाला गेलेल्या माणसाला परत आल्यावर दार उघडताच जो वास येतो तो आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. पुष्कळ लोक त्यावर सुगंधाची कुपी टांगतात. खरा उपाय म्हणजे मॅट व त्याखालचा गालिचा उचलून ओल कोठून येते ते शोधणे. समोरच्या काचेच्या पायथ्याशी झाडांची पाने अडकून पाण्याची वाट तुंबते, दरवाजाच्या खालच्या कडेस पाणी निचरण्यासाठी जी बारीक छिद्रे असतात ती चिखलाने बुजतात, वातानुकूलनाची जाळी महिनोन्महिने कोणी पाहिलेली नसते. एवढे केले तरी निम्मा वास जातो. आसने धुताना पाणी कमीत कमी वापरावे, लगेच शोषून घ्यावे आणि पंख्याच्या वाऱ्यावर दारे उघडी ठेवून पूर्ण सुकवावी. ओली आसने परत देणे म्हणजे पैसे घेऊन बुरशी विकणे होय. ज्या घरात लहान मुले आहेत त्यांच्या गाडीत खाखऱ्याचे आणि बिस्किटांचे कण पडून मुंग्या होतात. विषारी फवारा मारू नये. त्याने जीव जातात आणि टपाच्या कापडावर डागही पडतात. व्हॅक्यूमने मुंग्याच ओढल्या जाऊ नयेत, म्हणून अगोदर गाडीची जागा बदलावी, मुंग्यांना निघून जाण्यास वेळ द्यावा, आणि मग कण काढावे.

डॅशबोर्डवर तेलकट चमक देणारा द्रव चोपडण्याची पद्धत मला मुळीच पसंत नाही. तो उन्हात समोरच्या काचेवर चकाकतो आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट धूळ धरून बसतो. काही मालक तीच चमक मागतात, तेव्हा मुलाने काय करावे याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

आता दामाकडे वळू. हिशेबनिसाचे काम केलेला मुलगा असूनही त्याने आरंभी दर ठरविला तो केवळ लाजेने. आतून-बाहेरून संपूर्ण सफाईचे ३०० रुपये. मी त्यास कागद घेऊन बसविले. समजा, शाम्पू व इतर द्रवांचे ८० रुपये, वीज-पाण्याचे २०, येण्या-जाण्याचे ४०, फडकी व यंत्रे यांच्या झिजेचे ६०. एकूण झाले २००. काम तीन तासांचे. म्हणजे हातात उरले १०० आणि तासाची मजुरी पडली ३३ रुपये. कारखान्याच्या दारावरील हमालही त्या दराने पाठीवर पोते घेणार नाही. झिजेचा आकडा आपण धरला तरी तरुण मंडळी तो धरीत नाहीत आणि वर्षअखेर यंत्र बिघडले म्हणजे घरातून पैसे मागतात.

यावर त्याचा प्रश्न असा की, ‘‘काका, शेजाऱ्यांना एकदम दर वाढवून कसा सांगू?’’ आपल्या धंद्यात याला एक जुनी रीत आहे. घरोब्याच्या माणसाला सूट द्यावयाची ती दरात लपवून देऊ नये, बिलात दाखवून द्यावी. मूळ दर ८०० लिहावा, त्याखाली ‘शेजारधर्म’ म्हणून २०० वजा करावे आणि ६०० घ्यावे. असे केल्याने शेजाऱ्यास आपण किती सवलत भोगतो हे कळते, तो आपल्या मेव्हण्याला ३०० चा नव्हे तर ८०० चा दर सांगतो, आणि पुढे सूट कमी करावयाची वेळ आली तरी दर वाढविल्याचा दोष येत नाही. पुतण्याने हा प्रयोग केला तेव्हा पहिल्या अकरा गिऱ्हाइकांपैकी तीन गेले. ते तिघेही मला भेटून तक्रार करून गेले. उरलेल्या आठांनी मात्र आणखी गिऱ्हाइके आणली. उधारी मुळीच ठेवू नये हे सांगणे सोपे आहे. प्रत्यक्षात ‘‘उद्या देतो’’ म्हणणारा माणूस रोज जिन्यात भेटतो. त्यावर त्याने योजलेला उपाय असा की, गाडीची किल्ली परत देतानाच मोबाइलवर पैसे घेण्याचे चौकोनी चित्र पुढे करावयाचे, तोंडाने काही बोलावयाचे नाही.

धंदा सुरू करणाऱ्यांनी सहसा विचारात न घेतलेली एक व्यक्ती आहे. प्रत्येक इमारतीत पहाटे एक बादली व एक फडके घेऊन दहा-पंधरा गाड्या पुसणारा मुलगा असतो. बहुधा तो बिहार, उत्तर प्रदेश वा ओडिशातून आलेला असतो आणि महिन्याच्या ठरलेल्या पैशांवर राबतो. तांत्रिक दृष्ट्या पाहता गाड्यांवरील जाळ्यासारखे ओरखडे बव्हंशी त्याच्याच कोरड्या फडक्याने पडतात. पुतण्याने हे मालकांना सांगावयास सुरुवात केली, आणि दोघांनी तर त्या मुलाचे काम बंदही केले. ही गोष्ट माझ्या कानी आली तेव्हा मी स्पष्टपणे नापसंती दर्शविली. दुसऱ्याच्या भाकरीवर पाय देऊन आपला धंदा वाढविणे व्यापारात चालते असे म्हणणारे आहेत. मी त्यांच्यातला नव्हे. शिवाय त्यात शहाणपणही नव्हते, कारण रोजची धूळ काढावयास पुतण्या पहाटे पाच वाजता जाणार नव्हता. शेवटी त्याने त्या मुलाला दुसरी बादली, वीस फडकी आणि कमी पाण्यावर चालणारा शाम्पू दिला, रीत शिकविली, आणि मोठ्या कामाच्या दिवशी त्यास रोजावर बोलावू लागला. आज आतील सफाईचे अर्धे काम तोच करतो.

पाण्याविषयी इमारतीच्या चिटणिसांचा आक्षेप येणारच, आणि तो योग्यच असतो. नळी सोडून ठेविली तर एका गाडीस शेकडो लिटर पाणी सहज वाहून जाते. फार चिखल नसेल तर ज्यात धुऊन काढावे लागत नाही असा शाम्पू बादलीभर पाण्यात मिसळून संपूर्ण गाडी होते. डांबर व ग्रीस काढण्याची द्रावणे, इंजिनावरचे तेलकट पाणी ही पावसाच्या गटारात सोडू नयेत. ती अखेर दमणगंगेतच जाणार. तेलकट फडके वेगळ्या डब्यात ठेवावे. इंजिनाच्या खणात दाबाच्या पाण्याचा फवारा मारण्याचे धाडस नवशिक्याने करू नये, आजच्या गाड्यांत तेथे विजेच्या तारा व जोडण्या दाट असतात.

कायद्याच्या बाबतीत थोडक्यात. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर वस्तू व सेवा कराची नोंदणी सक्तीची नाही. वापी गुजरातेत आणि आपण दादरा व नगर हवेलीत, म्हणून तेथील गाडी केल्यास आंतरराज्य व्यवहार होऊन नोंदणी लागेल अशी शंका कित्येकांना येते. परंतु सेवांच्या बाबतीत ऑक्टोबर २०१७ पासून त्याच २० लाखांच्या मर्यादेपर्यंत त्यातून सूट आहे. १ जुलै २०२० पासून सुरू असलेली उद्यम नोंदणी विनामूल्य आहे, ती करून ठेवावी, बँकेत उपयोगी पडते. गाळा भाड्याने घेण्याची वेळ आली म्हणजे नगरपालिकेत रीतसर चौकशी करावी, तोवर लोकांच्या अंगणात जाऊन काम करणेच बरे. मालकाची गाडी दोन हात जरी हलवावयाची असली तरी हलविणाऱ्याजवळ चालविण्याचा परवाना पाहिजे. आणि गाडीत सापडलेली प्रत्येक वस्तू, मग ते एक रुपयाचे नाणे असो वा कोणाचे पत्र असो, पिशवीत घालून मालकाच्याच हाती द्यावी. ते पत्र कोणाचे, याची चर्चा इमारतीत झाली तर सर्व रंग व सर्व मेण व्यर्थ.

सिरॅमिक लेपाचा उल्लेख न केल्यास तरुण वाचक रुसतील. सिलिका-आधारित हा द्रव रंगावर चढून कठीण होतो, पाणी त्यावर ठरत नाही, आणि त्याचे हजारो रुपये घेतले जातात. तो खोटा नाही. पण लेप चढविण्यापूर्वी रंग निर्दोष करावा लागतो, नाहीतर ओरखडे त्याच्याखाली वर्षानुवर्षे बंदिस्त होतात. तो लावल्यावर दगड लागून टवका उडणार नाही, गाडी धुवावी लागणार नाही, अशी जी आश्वासने दिली जातात ती मात्र देऊ नयेत. पाच वर्षांची हमी लिहून देणाऱ्याने पाच वर्षे याच गावात राहावयाचे आहे.

गेल्या दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात पुतण्याने पंधरा गाड्या केल्या आणि नंतर दोन दिवस त्याची पाठ धरली होती. नव्या वर्षाच्या वहीपूजनाच्या वेळी त्याने आपली गाड्यांची वही पेढीच्या चोपड्यांशेजारी आणून ठेविली. तिच्यात प्रत्येक गाडीचे एक पान आहे. पूर्वीचे चेपे, रंगकाम कोठे, काय लाविले, पुढील वेळ केव्हा, हे सारे त्यावर असते. काळ्या गाडीच्या पानावर बॉनेटपुढे तांबड्या शाईने ‘यंत्र नाही’ असे लिहिले आहे. शेठजींची ती गाडी दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी येते, आणि हल्ली ते स्वतः खाली येऊन खुर्ची टाकून बसतात.